वाणाचा आरसा

शाळेचं हे महोत्सवाचं वर्ष, त्यानिमित्ताने ही एक आठवण. परळच्या पोरांना कॅन्सरचं टाटा हॉस्पिटल काही नवं नसतं. शाळेत येता-जाता समोरच्या फुटपाथवर बिहार-बंगालहून आलेले पेशंट आणि त्यांच्या उशाशी ठेवलेल्या फायली दिसायच्या. चाळीत कुणाबद्दल 'त्यांना टाटाला नेलंय' एवढं म्हटलं की पुढचं कुणी विचारायचं नाही. हॉस्पिटल १९४१ पासून तिथे उभं आहे. आमच्या आया भाजीची पिशवी घेऊन रोज त्याच्यासमोरून जायच्या, पण काही होत नसताना आत जाऊन तपासून घ्यावं, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

२०१३च्या जूनमध्ये आम्ही नववीत गेलो आणि विज्ञानाच्या बाईंनी सुट्टीत कापून ठेवलेलं एक कात्रण फळ्याशेजारी डकवलं. टाटाच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला होता. निम्म्या जणींच्या गर्भाशयमुखाची तपासणी दर दोन वर्षांनी झाली, उरलेल्यांना नुसती माहिती मिळाली. तपासलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, दहावी शिकलेल्या, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या बायका होत्या. गर्भाशयमुखाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावायचं आणि मिनिटभरात एखादी जागा पांढरी पडते का ते पाहायचं. लॅब नको, यंत्र नको.

"म्हणजे आपण चार्ट लावून भाषणं ठोकली तर काय होईल?" बाईंनी विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं, "काही नाही. तपासायला नेलं तर होईल."

बायकांना तपासणीला तयार करायचा कार्यक्रम संक्रांतीला हळदीकुंकवाच्या निमित्ताने घ्यायचं ठरलं, कारण त्या दिवसांत बायकांना घरून निघायला कारण सांगावं लागत नाही. वाण म्हणून प्लॅस्टिकचा छोटा आरसा द्यायचा, तोंडात कॅन्सरची काही खूण आहे का ते पाहायला. ही कल्पना आमच्यातल्या एकीची, आणि आजही मला ती फार हुशारीची वाटते. पत्रिका लिहायला बसलो तेव्हा मात्र गाडी अडली. हळदीकुंकू म्हटलं की विधवा बायका येणार नाहीत. आणि चाळीतल्या मिश्री, म्हणजे भाजलेला तंबाखू, दातांना लावणाऱ्या बहुतेक आज्या विधवाच होत्या! गुटख्यावर २०१२ सालीच राज्यात बंदी आली होती, पण तव्यावर घरी भाजलेल्या मिश्रीला कोण बंदी घालणार? माझीच आजी सकाळ-संध्याकाळ दातांना लावायची. बाईंनी 'हळदीकुंकू' खोडून 'तिळगूळ समारंभ, सर्व महिलांसाठी' असं लिहिलं. एका काकूंनी घरी येऊन आईला ऐकवलं, "असं कुठे असतं का?" पण त्याही आल्या.

महापालिकेच्या दवाखान्यातल्या सिस्टर बोलायला आल्या होत्या. त्यांनी ॲसेटिक ॲसिड म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल असं सांगताच मागून आवाज आला, "चायनीजवर ओततात ते?" हॉल हसला, आणि त्या हसण्यानंतरच बायका प्रश्न विचारायला लागल्या. दुखतं का? पाळी गेली तरी करायचं का? पुरुष डॉक्टर असतो का? स्तनातली न दुखणारी गाठही दाखवावी, हे पहिल्या रांगेतल्या कितीतरी जणींना ठाऊक नव्हतं. दुखत नाही म्हणजे काही नाही, असाच हिशेब. मग आरसे निघाले. गालाच्या आत, जिभेखाली पांढरा-लाल चट्टा आहे का, दोन-तीन आठवडे न भरलेली जखम आहे का, ते एकमेकींच्या तोंडात डोकावून पाहणं सुरू झालं. वर्गातल्या मुलांना हॉलमध्ये प्रवेश नव्हता. तोंड नीट उघडतं का ते कळावं म्हणून ती फाटकाबाहेर येणाऱ्या-जाणाऱ्या काकांना तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगत होती. एकाची दोनच गेली. तो चिडून निघून गेला.

पण खरं काम त्यानंतरचं. बाईंनी प्रत्येक मुलीला दोघीजणी वाटून दिल्या: त्यांना तपासणीपर्यंत पोचवायचं. 'उद्या बघू', 'पाहुणे आलेत', 'मला काय झालंय?' ही उत्तरं आम्हाला पाठ झाली. शेवटी बायका एकेकट्या जात नाहीत, घोळक्याने जातात हे लक्षात आलं. डबे भरून झाल्यावर अकरा वाजता चाळीच्या नळापाशी जमायचं आणि मिळून टाटाच्या प्रतिबंध विभागात जायचं. नळापाशी उभ्या असलेल्या बाईला घरी परतणं अवघड जातं. आजीच्या गालात पांढरा चट्टा निघाला. तुकडा काढून तपासला, कॅन्सर नव्हता. मिश्री तिने आठवडाभर सोडली, मग पुन्हा धरली. तिच्याशी आम्ही सगळे भांडलो, काही उपयोग झाला नाही.

मी पुढे डॉक्टर-बिक्टर झाले नाही, अकाउंट्समध्ये आहे. २०१६ साली केंद्र सरकारने तिशीपुढच्या लोकांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची दर पाच वर्षांनी तपासणी करण्याच्या सूचना काढल्या, तेव्हा आईला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग नळावर कधी जमायचं?" महोत्सवाच्या वर्षात शाळा असा कार्यक्रम पुन्हा घेणार असेल, तर मुलींबरोबर दारोदार फिरायला मी शनिवारी मोकळी असते.