तारीख सहा आठवड्यांनी, धडधड आज

"पुढच्या तारखेला येताय ना, तेव्हाच सांगा डॉक्टरांना." दवाखान्याच्या रिसेप्शनवरून हे वाक्य मी चार दिवसांत पुन्हा पुन्हा ऐकलं. पुढची तारीख सहा आठवड्यांवर होती.

एन्झायटीचं औषध सुरू होऊन तेव्हा सात महिने झाले होते. एस्सिटालोप्राम 10 मिलिग्राम, रोज रात्री एक. सुरुवातीचे दहा-बारा दिवस उलट जास्तच घाबरं झालं, मग हळूहळू बसलं सगळं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. बरं चाललंय म्हणून भेटी दोन महिन्यांवर गेल्या आणि मी खूश.

मग एके दिवशी पहाटे पावणेचारला जाग आली. छातीत धडधड, तळहात ओले, पोटात खड्डा. झोप नीट झाली नसेल म्हणून सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी चालू मीटिंगमधून उठून बाहेर जावं लागलं, तेव्हा कळलं की जुना पाहुणा परत आलाय.

त्या रात्री मी हातात एकाऐवजी दोन गोळ्या घेऊन उभी होते. एकीने बरं वाटतं, तर दोघींनी लवकर वाटेल, असा सरळ हिशोब. पण ही डोकेदुखीची गोळी नव्हे. डोस वाढवला तरी फरक दिसायला दोन-चार आठवडे जातात. पहाटेपर्यंत मिळाली असती ती फक्त मळमळ. दुसरी परत पाकिटात ढकलली. जवळ क्लोनाझेपामची एसओएस, म्हणजे अगदी गरज पडली तरच घ्यायची, गोळीही होती, पण "आठवड्यात दोनच्या वर नाही" असं चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलेलं आणि दोन्ही घेऊन झालेल्या. ती अर्ध्या-पाऊण तासात शांत करते, आणि भीती तिचीच वाटते. सवय लागते तिची. दारूबरोबर तर ती अजिबात घ्यायची नाही, हे मला पहिल्याच भेटीत दोनदा बजावलं होतं.

तर फोन.

पहिला फोन ऑफिसच्या जिन्यातून. "काय होतंय?" "पुन्हा तसंच होतंय." "तसंच म्हणजे?" वरून दोघं जण उतरत होते. त्यांच्यासमोर काय सांगणार? "बरं वाटत नाहीये," म्हटलं. तारखेला या. दुसऱ्या फोनला सनई लागली, ती अकरा मिनिटं वाजली आणि फोन कट झाला. तिसऱ्यांदा वेगळ्याच मॅडम होत्या. "अपॉइंटमेंट हवीय की औषध संपलंय?" त्यांच्याकडे दोनच खण होते आणि माझं दुखणं दोन्हींत बसत नव्हतं. अपॉइंटमेंट म्हटलं तर तीच सहा आठवड्यांची तारीख, औषध म्हटलं तर "मेडिकलमध्ये जुनी चिठ्ठी दाखवा". चौथ्यांदा निरोप घेतला त्यांनी. तो डॉक्टरांपर्यंत पोचलाही, हे मला नंतर कळलं. निरोप होता: "पेशंटला बरं नाही." मानसोपचाराच्या दवाखान्यात हा निरोप!

पाचव्या फोनवर माझा आवाज चढला, मग कापायला लागला. पलीकडून म्हणाल्या, "मॅडम, शांत व्हा." अहो, त्यासाठीच तर फोन करतेय.

रागारागात वही काढली. औषध सुरू करताना डॉक्टरांनी माझ्याकडून जीएडी-7, म्हणजे एन्झायटी किती आहे ते मोजणारी प्रश्नावली, भरून घेतली होती. सात प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3, एकूण 21. मागच्या भेटीत माझे 5 आले होते. आता पुन्हा भरली, 14. मग चार ओळी लिहिल्या आणि सहाव्या फोनवर नुसत्या वाचून दाखवल्या:

"एस्सिटालोप्राम 10, सात महिने. नऊ दिवसांपासून रोज पहाटे धडधड, झोप चार तास. स्कोअर 5 वरून 14. एसओएस या आठवड्यात दोनदा घेऊन झाली. डोस तोच ठेवू की बदलायचा, हे तारखेआधी कळायला हवं."

आणि म्हटलं, हे जसंच्या तसं लिहून घ्या, मी सावकाश सांगते. घेतलं त्यांनी. शेवटी "परत वाचून दाखवता का?" असंही विचारलं. जरा आगाऊपणा झाला, पण "एसओएस"चं "एसएमएस" झालं होतं.

चार वाजता डॉक्टरांचा फोन आला. तीन मिनिटंसुद्धा बोलणं झालं नसेल. पहिलाच प्रश्न, "सर्दीचं काही औषध चालू आहे? कॉफी वाढलीय?" नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्यांनीही अशीच धडधड होते म्हणे. दोन्ही नाही. "गोळी चुकली नाही ना?" एकही नाही, मी जवळजवळ दुखावून म्हटलं. "स्ट्रिप आणा बघू."

नवी स्ट्रिप उघडली की मी मागे तारीख लिहिते. पंधराची स्ट्रिप, उघडून चौदा रात्री झालेल्या. एक गोळी उरायला हवी होती. अंगठा फिरवत मोजल्या. पाच. पुन्हा मोजल्या. पाचच.

शुक्रवार-शनिवार. त्या रात्री मी सोफ्यावरच झोपते, गोळ्या राहतात आतल्या खोलीत. हे औषध रक्तात साधारण 30 तासांत निम्मं होतं. सलग दोन रात्री हुकल्या की शरीर ओरडू शकतं. डोस वाढवलाच नाही त्यांनी. गोळी रात्रीऐवजी सकाळी, दात घासल्यावर. राहिलेल्या गोळ्या भरून काढायच्या नाहीत, दोन एकदम तर नाहीच. दोन आठवड्यांनी स्कोअर कळवायचा. आणि तारीख अलीकडे घेतली.

चूक माझीच होती, मान्य. तरी राग जात नाही. हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला गेला असता तर मधल्या चार पहाटा वाचल्या असत्या.

एक राहिलं. ही वाट बघणं माझ्या बाबतीत चाललं, कारण ही धडधड माझ्या ओळखीची होती. छातीत नव्याने दुखणं, चक्कर येऊन पडणं, किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार, यांसाठी रिसेप्शनला फोन करत बसायचं नाही, थेट इमर्जन्सीत जायचं. आणि बरं वाटलं म्हणून गोळी आपल्या मनाने बंदही करायची नाही. मी एकदा विचार केला होता तसा.

आठवडाभराने पहाटे जाग आली ती सव्वापाचला, आणि पुन्हा झोप लागली. पुढच्या वेळी स्कोअर 7 होता.

भेटीच्या दिवशी डॉक्टरांना विचारून घेतलं, मधेच परत झालं तर काय? त्यांनी फाइलवर लिहिलं, "लक्षणं परतली तर त्याच दिवशी कळवणे." ती फाइल घेऊन मी काउंटरवर गेले आणि विचारलं, कळवायचं कुठल्या नंबरवर? मॅडमनी कार्ड उलटं करून मागे ठसठशीत आकड्यांत नंबर लिहून दिला.

तोच होता.