दरबार हॉलच्या काचा आणि आमचा हॉल

पुण्याहून आत्या आली होती, तिला घेऊन आज आमच्या कोल्हापूरच्या न्यू पॅलेसला गेले. शाळेपासून कितीदा बघितलाय, पण घर रंगवायचं डोक्यात घोळत असल्यामुळे आज लक्ष भलतीकडेच होतं. 1884 मध्ये पूर्ण झालेला हा राजवाडा बाहेरून काळ्या दगडाचा, एकदम भारदस्त. आणि आत दरबार हॉलमध्ये शिवचरित्रातले प्रसंग असलेल्या रंगीत काचा! मागून उजेड आला की त्यातला लाल नि निळा असा काही खुलतो की पाय तिथून हलत नाही. आत्या पुढच्या दालनात पोचली तरी मी तिथंच.

घरी आल्यावर आधी हॉलमधला जाड पडदा काढला. पश्चिमेची खिडकी आहे, चारनंतर मस्त ऊन येतं, ते आम्ही इतकी वर्षं अडवून धरलं होतं. आता भिंती साध्या पांढऱ्या ठेवायच्या, आजीच्या शिसवी कपाटाला पॉलिश करायचं आणि खिडकीच्या वरच्या झडपांना रंगीत काचा बसवायच्या. महागडं वॉलपेपर रद्द! आईसुद्धा लगेच हो म्हणाली.

कोल्हापुरात जुना वाडा उतरवताना निघालेल्या रंगीत काचा कुठं मिळतील? निळ्या असतील तर आधी सांगा.