१९३९ चा रुपया: मागचा निष्कर्ष मी मागे घेत आहे

मागच्या नोंदीत फोंड्याच्या काकांकडील ब्रिटिश हिंदुस्थानच्या १९३९ च्या चांदीच्या रुपयाला मी ‘बहुधा अस्सल’ म्हटले होते. हा रुपया दुर्मिळ असल्याने १९३८ च्या रुपयाची तारीख बदलून तो बनवला जातो. ते विधान आज मागे घ्यावे लागत आहे, आणि तीच चूक आपल्यापैकी आणखी कोणाच्या हातून होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझा सगळा भर ठिपक्यावर होता. मुंबई टांकसाळीची खूण असलेला ठिपका स्वच्छ दिसत होता, वजन ११.६४ ग्रॅम भरले होते, कडेवरच्या रेषा अखंड होत्या. परंतु मुंबईचे १९३८ चे रुपये ठिपक्याचे आणि बिनठिपक्याचे असे दोन्ही प्रकारचे सापडतात, आणि तारीख बदलणारा माणूस त्यातला ठिपक्याचाच नग निवडणार, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. वजनाचा आणि कसाचाही येथे उपयोग नाही, कारण दोन्ही वर्षांचे रुपये ११.६६ ग्रॅमचे आणि ९१७ कसाचे (म्हणजे हजारात ९१७ भाग चांदी) आहेत; कस ५०० वर उतरला तो १९४० पासून. पाण्यात तोलून घनता काढण्याची जी तयारी मी चालवली होती, ती ओतीव नकली नाणे पकडण्यासाठी ठीक आहे. हे नाणे टांकसाळीचेच आहे. खोटा आहे तो केवळ शेवटचा आकडा.

आठच्या इंग्रजी आकड्याची खालची डावी कमान खरवडली की नऊ तयार होतो, हे आपण सर्वच जाणतो. तरीही मला खरवड दिसली नाही, याला दोन कारणे घडली. एक म्हणजे नाणे पूर्वी कधीतरी घासून लखलखीत केलेले असल्याने तारखेजवळचा फिकटपणा मी त्या घासण्याच्या खाती टाकला. दुसरे म्हणजे संगणकाला जोडायचा माझा स्वस्त सूक्ष्मदर्शक. त्याच्या भोवतालचे गोल दिवे सगळीकडून सारखा प्रकाश टाकतात आणि बारीक ओरखडे पुसून टाकतात. तारीख तपासण्यासाठी हे साधन घेऊ नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे. दहा पटींचे चांगले भिंग आणि एका बाजूने टेबलाला जवळजवळ समांतर धरलेली विजेरी यांनी जे दाखवले, ते त्या सूक्ष्मदर्शकाने तीन आठवड्यांत दाखवले नव्हते.

नाणे हळूहळू फिरवत असताना एका विशिष्ट कोनात शेवटच्या आकड्याच्या डावीकडे नखाच्या टोकाएवढा खोलगट डाग उमटला. त्यात एकमेकांना समांतर असे चार ओरखडे होते, आणि नाण्यावरचे घासण्याचे बाकीचे ओरखडे ज्या दिशेने जातात त्याच्या ते आडवे होते. शिवाय नऊची शेपटी जिथे संपते तिथे धातू सुरीने कापल्यासारखा उभा तुटलेला होता. त्याच तारखेतल्या पहिल्या नऊची शेपटी मात्र उताराने पृष्ठभागात मिसळते. पुरावा नाण्यावरच होता! १९३९ मध्ये दोन नऊ आहेत, तेव्हा शेवटच्याची तुलना पुस्तकातल्या चित्राशी करण्याआधी पहिल्याशीच करायला हवी होती. दोघांची छायाचित्रे एकावर एक ठेवली तेव्हा शेवटच्याचे डोके लहान निघाले, आणि माझ्याकडच्या १९३८ च्या आठचे वरचे वेटोळे त्यावर तंतोतंत बसले. त्या रात्री झोप लागली नाही. चूक कळल्याचे दुःख होतेच, पण ती स्वतःच्या डोळ्यांनी पकडल्याचे समाधान त्याहून मोठे होते.

पुढचा बेत गोव्यातल्या जुन्या पोर्तुगीज नाण्यांच्या, म्हणजे रुपीयांच्या, तारखा तपासण्याचा होता. हे लिहीत असताना मात्र वाटते की ते काम थांबवावे आणि आधी ठिपक्याचे १९३८ चे झिजलेले चार-पाच रुपये जमवून आठच्या दोन्ही वेटोळ्यांचे प्रमाण मोजावे, कारण झिजेमुळे वेटोळ्याचा आकार किती बदलतो हे माहीत असल्याखेरीज छायाचित्रांच्या तुलनेवर विसंबता येणार नाही. येत्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात ते शोधेन. विक्रेत्याने घासून चमकवलेले नग घेणार नाही, काळवंडलेलेच घेईन.

काकांना अद्याप सांगितलेले नाही. रविवारी भिंग आणि विजेरी घेऊन फोंड्याला जाईन आणि तो डाग त्यांना त्यांच्याच हातातल्या नाण्यावर दाखवीन.