तुम्ही विचारलंत म्हणून: सर्व्हर रात्री बंद का करत नाही?

"ऑफिस सुटलं की आम्ही दिवे, पंखे, एसी सगळं बंद करून निघतो. मग तुमच्याकडचे ते हजारो सर्व्हर रात्री कोणी वापरत नसताना चालू कशाला ठेवता?"

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका डेटा सेंटरमध्ये काम करते असं कळलं की हा प्रश्न येतोच. लग्नात येतो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये येतो, आणि महावितरणचं बिल नुकतंच हातात पडलेलं असेल तर जरा चढ्या आवाजात येतो. खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवायची सवय अंगात मुरलेल्या माणसाला हे खटकणारच. मलाही खटकतं. म्हणून एकदा नीट उत्तर लिहिते.

सर्व्हरला रात्र अशी नसतेच. तुम्ही झोपता तेव्हा बँकांचं डे-एंड, म्हणजे दिवसअखेरचा हिशेब, सुरू होतो, बॅकअप चालतात, सकाळच्या रिपोर्टची तयारी होते. आणि एखादा सर्व्हर खरोखरच मोकळा बसला असला, तरी त्याच्या पोटात कोणाचा तरी डेटा असतो. मोठ्या यंत्रणा एकाच डेटाच्या सहसा तीन प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवतात. हडूप या, डेटा अनेक सर्व्हरवर वाटून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असा प्रत्येक सर्व्हर दर ३ सेकंदांनी आपण जिवंत असल्याचं कळवत राहतो. मूळ सेटिंग बदललेलं नसेल तर साडेदहा मिनिटं निरोप आला नाही की तो गेला असं धरलं जातं आणि त्याच्याकडे जे होतं त्याच्या नव्या प्रती दुसरीकडे तयार व्हायला लागतात. म्हणजे वीज वाचावी म्हणून तुम्ही एक मशीन बंद केलं, तर बाकीची मशीन त्याची जागा भरून काढायला कामाला लागतात. शिवाय पुन्हा चालू करायचा वेळ. भरपूर मेमरी असलेला सर्व्हर चालू होताना प्रत्येक मेमरी पट्टी तपासतो, जुळवून घेतो, आणि त्यातच काही मिनिटं जातात. तिकीट काढणारा माणूस तेवढं थांबत नाही.

खरी अडचण इथून पुढे सुरू होते. चालू ठेवायचाच आहे तर ठेवू, पण काम नसताना त्याने वीजही कमी खावी, एवढीच अपेक्षा ना? ती अपेक्षा बराच काळ पुरी होत नव्हती. २००७ साली गूगलमधल्या लुईझ आंद्रे बारोसो आणि उर्स होल्झले या दोघांनी एक लेख लिहिला. त्यात म्हटलं होतं की त्यांचे सर्व्हर बहुतेक वेळ पूर्ण क्षमतेच्या १० ते ५० टक्क्यांमध्येच काम करतात. पूर्ण रिकामे क्वचित, पूर्ण भरलेलेही क्वचित. आणि त्या काळचा चांगला, काटकसरी म्हणवणारा सर्व्हरसुद्धा जवळपास काहीच काम करत नसताना पूर्ण भाराच्या निम्मी वीज खातो. त्यांनी तिथे माणसाच्या शरीराचं उदाहरण दिलं: आराम करताना आपण सत्तरएक वॉटवर भागवतो आणि जोर लावला तर काही वेळ किलोवॉटपर्यंत जाऊ शकतो. सर्व्हरही असाच असावा, काम जेवढं तेवढीच वीज, अशी त्यांची मागणी होती. मला आमच्या क्षेत्रातलं हे सगळ्यात महत्त्वाचं लिखाण वाटतं, कारण त्याने दोष नेमका कुठे आहे ते दाखवलं. तोवर सगळ्यांचं लक्ष मशीन पूर्ण भाराला किती जोरात धावतं याकडे होतं. ते बसून असताना किती खातं, हे कोणी विचारत नव्हतं.

प्रोसेसरवाल्यांकडे त्याची काही उत्तरं आधीपासून तयार होती, पण ती लॅपटॉपसाठी. बॅटरी पुरावी म्हणून २००० च्या सुमारास लॅपटॉपच्या प्रोसेसरना चालता चालता वेग आणि व्होल्टेज उतरवायची सोय आली. यातला फायदा अंदाजापेक्षा मोठा आहे. चिपमध्ये स्विचिंगला लागणारी वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. त्यामुळे वेग १० टक्के आणि व्होल्टेजही १० टक्के उतरवलं तर ही वीज १० नव्हे, तब्बल २७ टक्के कमी होते. पण त्यानेही पूर्ण भागत नाही, कारण आजच्या बारीक ट्रान्झिस्टरमधून, ते काही करत नसतानासुद्धा, थोडी वीज गळत राहते. ती गळती थांबवायची तर कोअरचा, म्हणजे प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या एकेका भागाचा, वीजपुरवठाच तोडायला हवा. २००८ मध्ये आलेल्या इंटेलच्या नेहेलेम पिढीत ते जमलं. मोकळा बसलेला कोअर आपली सगळी स्थिती बाजूच्या छोट्या मेमरीत ठेवतो, त्याचा पुरवठा जवळपास शून्यावर येतो आणि बोलावलं की काही मायक्रोसेकंदांत परत उभा राहतो. म्हणजे तुम्ही जे बंद करा म्हणता ते होतं, फक्त सेकंदाला शेकडो वेळा आणि एकेका कोअरपुरतं. कुणाला कधी झोपवायचं हे ठरवण्यासाठी त्याच चिपवर एक वेगळा छोटा प्रोसेसर बसवला होता. त्यात दहा लाखांहून जास्त ट्रान्झिस्टर होते, १९८९ च्या अख्ख्या ४८६ प्रोसेसरमध्ये होते जवळपास तेवढेच. केवळ विजेचा कारभार पाहायला.

आणि हे सगळं बनवून झाल्यावर आपण काय करतो? बायॉसमध्ये, म्हणजे मशीनच्या मुळाशी असलेल्या सेटिंगमध्ये, जाऊन 'परफॉर्मन्स' निवडतो आणि ते बंद करून टाकतो. शेअर बाजाराचे व्यवहार करणाऱ्यांनी केलं तर मी समजू शकते, त्यांचा धंदा मायक्रोसेकंदांवर चालतो. पण पगारपत्रकं काढणाऱ्या सर्व्हरवरही तेच सेटिंग असतं, कारण बसवून देणाऱ्याने सगळीकडे एकच टेम्प्लेट मारलेलं असतं. कोणी तक्रार करत नाही. जास्त वीज खाल्ल्याची तक्रार सर्व्हर कधी करत नाही, हळू चालल्याची तक्रार मात्र लगेच येते.

पॉवर सप्लायची गोष्ट मला जास्त आवडते, कारण तिथे सुरक्षितता आणि काटकसर एकमेकींच्या आड येतात. बहुतेक सर्व्हरना मागच्या बाजूला दोन सप्लाय असतात, एक ए फीडवर, एक बी फीडवर, म्हणजे विजेच्या दोन वेगळ्या वाटांवर. एक फीड गेला तरी सर्व्हर चालू राहायला हवा. एरवी दोघं भार निम्मा-निम्मा वाटून घेतात. आता हिशेब करा. सर्व्हर बसून असताना १५० वॉट घेतोय आणि सप्लाय आहेत ८०० वॉटचे. प्रत्येकाच्या वाट्याला ७५ वॉट, म्हणजे त्याच्या क्षमतेच्या १० टक्केही नाहीत. एसीचं डीसी करणारी ही उपकरणं मध्यम भाराला उत्तम चालतात आणि इतक्या कमी भाराला त्यांचा स्वतःचाच खर्च बराच होतो. ८० प्लस हे सप्लायच्या कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र २००४ मध्ये सुरू झालं तेव्हा चाचणी २०, ५० आणि १०० टक्के भारावर व्हायची. आपले दोन-दोन सप्लायवाले सर्व्हर बराच वेळ जिथे असतात ती १० टक्क्यांची पायरी चाचणीतच नव्हती. पुढे टायटेनियम ही तेव्हाची सगळ्यात वरची श्रेणी आली, तिच्यात १० टक्के भाराला ९० टक्के कार्यक्षमतेची अट घातली गेली. दुसरा उपाय आणखी साधा. भार कमी असेल तेव्हा एक सप्लाय सगळं ओढतो आणि दुसरा जागा राहून नुसता उभा असतो. पहिला गेलाच, तर त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये मोजके मिलिसेकंद पुरेल एवढी ऊर्जा शिल्लक असते. तेवढ्यात दुसऱ्याने भार उचलायचा. मी चालू सर्व्हरच्या ए बाजूची कॉर्ड काढून हे तपासून पाहिलेलं आहे. दिव्याचा रंग बदलतो, स्क्रीनवर एक इशारा येतो, बाकी काही होत नाही.

पंख्यांबद्दल कोणी विचारत नाही, पण सांगायलाच हवं. रॅकमध्ये, म्हणजे सर्व्हर एकावर एक बसवायच्या कपाटात, सर्व्हर चालू केलात की पहिले काही क्षण त्याचे पंखे पूर्ण वेगाने किंचाळतात. शेजारी उभं राहून बोलता येत नाही. मग मदरबोर्डवरचा देखरेखीचा चिप ताबा घेतो आणि आवाज एकदम उतरतो. त्या उतरण्यात भरपूर वीज वाचते, कारण पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाच्या पटीत बदलते: वेग निम्मा केला तर वीज एक अष्टमांश. म्हणून छोटे पंखे जोरात फिरवण्यापेक्षा मोठे पंखे हळू फिरवणं केव्हाही बरं. फेसबुकने २०११ मध्ये ओपन कॉम्प्युट या नावाने आपल्या सर्व्हरचे आराखडे जगाला खुले केले, तेव्हा त्यांनी डबा नेहमीच्या १यू ऐवजी दीड यू (यू हे रॅकमधली उंची मोजायचं माप) उंचीचा ठेवला होता, त्यात ६० मिलिमीटरचे पंखे बसावेत म्हणून. ज्या ओरेगॉनमधल्या प्राइनव्हिल केंद्रासाठी ते बनवले, तिथला पीयूई त्यांनी १.०७ सांगितला. पीयूई म्हणजे इमारतीला लागलेली एकूण वीज भागिले सर्व्हरपर्यंत पोचलेली वीज. १ आला तर थंड करण्यावर नि इतर गोष्टींवर काहीच खर्च नाही. नवी मुंबईत हा आकडा का येत नाही, असं मला आमच्याच क्षेत्रातली मंडळी विचारतात. ओरेगॉनच्या त्या पठारावर कोरडी, थंड हवा बाहेरून थेट आत घेता येते. आपल्याकडे जुलैमधली हवा आत घेऊन दाखवा.

पण पीयूईबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. या आकड्याच्या हिशेबात सर्व्हरपर्यंत पोचलेली सगळी वीज कामाची धरली जाते. बसून राहिलेल्या सर्व्हरने खाल्लेली तीही, त्याच्या आतल्या पंख्यांनी खाल्लेली तीही. खोलीचं तापमान वाढवलं की चिलरची वीज कमी होते. फार वाढवलं तर सर्व्हरचे पंखे जोरात फिरायला लागतात. त्यांची वीज सर्व्हरच्या खात्यात जाते, पीयूई छान दिसतो आणि एकूण बिल मात्र वाढलेलं असू शकतं. २००७ च्या अखेरीस स्पेकपॉवर नावाची चाचणी आली, तिच्यात १०० टक्के भारापासून उतरत उतरत पूर्ण रिकाम्या अवस्थेपर्यंत वीज मोजतात. रिकाम्या अवस्थेचा आकडा छापून यायला लागला तसे उत्पादक जागे झाले आणि चांगल्या सर्व्हरचा बसून खाण्याचा हिस्सा निम्म्यावरून पाव भागाच्याही खाली उतरला.

सर्व्हर खरोखर बंद करणारं तंत्रही आहे बरं का. व्हीएमवेअर या सॉफ्टवेअर कंपनीने ते बाजारात आणलं: रात्री भार कमी झाला की व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच सर्व्हरवर चालणारे अनेक आभासी सर्व्हर, चालू अवस्थेतच थोड्या सर्व्हरवर गोळा करायची, उरलेले बंद करायचे आणि सकाळी नेटवर्कवरून उठवायचे. तुमच्या प्रश्नाचं सरळसोट उत्तर. मी ते फार कमी ठिकाणी चालू असलेलं पाहिलं आहे. पहाटे एखादा सर्व्हर उठलाच नाही तर जाब कोणाला विचारणार, या एका भीतीपुढे वाचलेली वीज हरते.

एआयच्या सर्व्हरनी हा प्रश्न पार उलटा केला आहे. तिथे एका रॅकला १२० किलोवॉटच्या आसपास वीज लागते. ती १२ व्होल्टवर द्यायची म्हटली तर १०,००० अँपिअर प्रवाह लागेल, आणि तेवढा प्रवाह पेलणारं तांबं रॅकमध्ये मावणार नाही. म्हणून गूगलने पुढे आणलेलं ४८ व्होल्ट आता रुळलं आणि एनव्हीडियाने ८०० व्होल्ट डीसी जाहीर केलं. चौपट व्होल्टेज म्हणजे त्याच तारेतला अपव्यय सोळावा हिस्सा, इतका हा सौदा सोपा आहे. पण मला अस्वस्थ करणारी गोष्ट दुसरी. एआय मॉडेलचं प्रशिक्षण चालू असताना हजारो जीपीयू (एआयची आकडेमोड करणारे चिप) एकाच वेळी हिशेब करतात आणि एकाच वेळी एकमेकांसाठी थांबतात. मेटाने, म्हणजे फेसबुकच्याच कंपनीने, २०२४ मध्ये लिहिलं आहे की अशा वेळी अख्ख्या केंद्राची मागणी क्षणात दहा-वीस मेगावॉटने किंवा त्याहूनही जास्त वर-खाली होते. वीजपुरवठ्याच्या जाळ्याला असे झटके सोसत नाहीत. मग थांबलेल्या क्षणातही मागणी पडू नये म्हणून जीपीयूंना बिनकामाची आकडेमोड करायला लावतात. काम जेवढं तेवढी वीज हे साधण्यासाठी वीस वर्षं झिजलो, आणि आता काम नसताना मुद्दाम वीज जाळतो. पॉवर सप्लायमध्येच ऊर्जा साठवून हे झटके तिथल्या तिथे जिरवणारे नवे रॅक येत आहेत. माझा सगळा जीव त्या बाजूला आहे.

हे सगळं सांगून झाल्यावर, जे सर्व्हर आज दुपारीसुद्धा बंद करता येतील त्यांच्याबद्दल बोलायचं राहतं. जोनाथन कूमी आणि जॉन टेलर यांनी २०१५ मध्ये पाहणी केली, तेव्हा सुमारे ३० टक्के सर्व्हरनी सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ काहीच उपयोगाचं काम केलेलं नव्हतं. प्रकल्प संपलेला असतो, माणूस नोकरी सोडून गेलेला असतो, लेबल फिकट झालेलं असतं, आणि मशीन चालू असतं. तुमच्या ऑफिसच्या सर्व्हर रूममध्येही असं एखादं असेल. ते कोणाचं आहे हे विचारून कळत नाही, प्रत्येक जण म्हणतो राहू दे, कोणाचं तरी असेल. त्यासाठी आमच्याकडची पद्धत सांगते. थेट बंद करू नका. आधी फक्त नेटवर्कची केबल काढा आणि कोण ओरडत येतं ते बघा. एक महिना थांबा, आणि मधे तिमाहीचा शेवट येईल अशा बेताने थांबा, कारण काही रिपोर्ट तेवढ्यापुरतेच चालतात. कोणी आलं नाही तर डेटाचा बॅकअप घ्या, वरिष्ठांची लेखी परवानगी घ्या आणि मशीन शटडाउन करा. पण तेवढ्यावर सोडू नका. तो देखरेखीचा चिप बंद मशीनमध्येही जागाच राहतो, लांबून चालू करायचा हुकूम येईल म्हणून, आणि दोन्ही सप्लाय त्याच्यासाठी वीज घेत राहतात. मागे जाऊन ए आणि बी, दोन्ही कॉर्ड काढा.