टेपखालचे बारा रुपये

भांडुपला माझं फ्लेक्स आणि जर्सी प्रिंटिंगचं दुकान आहे. पाऊस ओसरला की ओव्हरआर्म टेनिस क्रिकेटची पोरं यायला लागतात. प्रत्येक टीमचं म्हणणं एकच, "दादा, काहीतरी हटके पाहिजे." आणि मग मोबाइलमधून काढून दाखवतात तो वाघ. छातीवर वाघ, बाहीवर पंजा. जर्सीवर मी आजवर जितके वाघ छापले तितके बिबटे बोरिवलीच्या नॅशनल पार्कातही नसतील.

खरोखर हटके जर्सी माझ्या हातून एकदाच झाली, आणि तीही पैसे वाचवायच्या नादात.

नोटाबंदीच्या आधीचा सीझन. आमच्या गल्लीतल्या टीमला स्पॉन्सर मिळत नव्हता. शेवटी नाक्यावरचे वडापाववाले मामा तयार झाले, पण अट घातली. "माझं नाव छापू नको, मला कोण नावाने ओळखतो? माल छाप." मग मी नंबरांच्या जागी रेट टाकले. कॅप्टनच्या पाठीवर वडापाव १२, ओपनरच्या पाठीवर समोसापाव १५, बोलरच्या पाठीवर भजीपाव १२. अकरा जण भरतील इतके पदार्थ काही मामांच्या गाडीवर नव्हते, म्हणून विकेटकीपरला मिळालं 'तळलेली मिरची फ्री'. तो दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हता.

मॅच सुरू झाली आणि माइकवरच्या कॉमेंट्रीवाल्याला चेव आला. "समोसापाव स्ट्राइकवर, भजीपाव नॉन-स्ट्राइकला!" पोट धरून हसत होतं पब्लिक. स्कोररचं मात्र डोकं फिरलं, कारण बारा नंबरचे दोघं. तरीही हे सगळं तिथल्या तिथे विरलं असतं. पण दुसऱ्या मॅचआधी आयोजकांपैकी एक जण तणतणत आला. पहिलं बक्षीस देणाऱ्या मुख्य पुरस्कर्त्याचं म्हणे खाण्याचंच दुकान होतं. "हे झाका, नाहीतर टीम बाद." मग ड्रेसिंग रूममध्ये, म्हणजे एका टेम्पोमागे, सगळ्यांच्या पाठीवर काळी इन्सुलेशन टेप मारली.

आणि तिथून खरी जाहिरात सुरू झाली. मैदानात अकरा जण पाठीवर काळ्या पट्ट्या मारून उभे. जो तो विचारतोय, टेपखाली काय आहे? कॉमेंट्रीवाला माइकवर सांगतोय, "टेपखाली काय आहे ते सांगायला मनाई आहे, पण गरम आहे!" आम्ही ती मॅच हरलो. संध्याकाळी मामांचे वडे साडेसातलाच संपले.

हे आठवलं की मला ऑस्ट्रेलियाचा फास्ट बोलर डेनिस लिली आठवतो. डिसेंबर १९७९, पर्थची कसोटी, समोर इंग्लंड. लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन खेळायला उतरला. बॅटचं नाव कॉम्बॅट, आणि ती विकायच्या धंद्यात त्याचाही वाटा. आता बघा, थोड्याच दिवसांपूर्वी वेस्ट इंडिजविरुद्ध तो हीच बॅट घेऊन आला होता, तेव्हा कोणी हूं की चूं केलं नव्हतं. म्हणजे तो प्रयोग पाण्यात. पण पर्थला इंग्लंडचा कॅप्टन माइक ब्रेअर्ली पंचांकडे गेला, या बॅटने बॉल खराब होतो म्हणाला. लिली हटेना. शेवटी त्याचाच कॅप्टन ग्रेग चॅपल लाकडी बॅट घेऊन मैदानात आला, तेव्हा लिलीने ॲल्युमिनियमची बॅट लांब भिरकावून दिली. एवढ्या वेळात खेळ थांबलेला आणि सगळ्यांचे डोळे त्या बॅटवर. असा वेळ पैसे मोजून मिळतो का? पुढे त्या बॅटवर ब्रेअर्लीनेही सही केली, वर विक्रीसाठी शुभेच्छा लिहून! नंतर बॅटचं पातं लाकडाचंच हवं असा नियम झाला आणि धंदा बसला, ते सोडा.

युरो २०१२ या फुटबॉलच्या स्पर्धेत डेन्मार्कच्या बेंटनरने पोर्तुगालला गोल मारला आणि शॉर्ट्स खाली सरकवून एका सट्टेबाजी कंपनीचं नाव असलेली चड्डी दाखवली. एक लाख युरो दंड आणि एका मॅचची बंदी. दंड कंपनीनेच भरला. मी धंदेवाल्याच्या नजरेने बघतो, मला तो दंड नाही, जाहिरातीचं बिल वाटतं. (चड्डीच्या पट्ट्यावर मॅटर बसवणं सोपं नाही, रबर ताणलं की अक्षरं फाकतात. ज्याने छापली त्याला सलाम.)

आणि १९९६ चा क्रिकेट वर्ल्ड कप. अधिकृत पेय कोकाकोला, पण आम्ही शाळेतली पोरं ओरडत फिरायचो ते पेप्सीचं 'नथिंग ऑफिशियल अबाउट इट'. अधिकृत हा शब्द कोकाकोलाने पैसे देऊन घेतला आणि पेप्सीने त्याचीच टिंगल करून विकला. तेव्हा इंग्रजीचा पेपर मला जमत नव्हता, पण हे चार शब्द पाठ होते.

आमच्या जर्सीची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. पोरं ती टी-शर्टसारखी रोज घालायला लागली. टेप उन्हाने सुटून पडली, खालचे आकडे शाबूत राहिले, कारण सब्लिमेशनचा रंग कापडात मुरतो, कितीही धुवा. पुढच्या वर्षी मामांनी वडापाव १५ केला. पहिल्याच दिवशी गाडीसमोर उभा राहून एक जण आमच्या कॅप्टनची पाठ दाखवत भांडायला लागला, "इथे बारा लिहिलंय की!" मग दुसरा, तिसरा. कॅप्टन बिचारा वडापाव खायला गेला होता, तो पाठ भिंतीला लावून उभा.

रात्री दुकान बंद करायच्या वेळेला मामा आले. स्टुलावर बसले, घाम पुसला.

"आर्टिस्ट," म्हणाले, "ती काळी टेप कुठून आणली होतीस रे?"