माझ्याबरोबर उलटलेली पानं

"तुमच्याकडे सगळेच वाचतात. मुलांना गोडी कशी लावलीत?" तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, कारण आजवर या प्रश्नाला मी एकच ठरलेलं उत्तर देत आले: "मुद्दाम काही केलं नाही. आम्ही वाचत बसायचो, ते बघून तीही वाचायला लागली." थोरलीपुरतं हे खरं वाटतं. धाकट्याच्या बाबतीत मी ते कितीतरी वर्षं खोटं सांगितलं.

तो तेव्हा आठ वर्षांचा होता. रात्री मी पुस्तक घेऊन बसले की तोही त्याचं घेऊन शेजारी येऊन बसायचा. तासभर चकार शब्द नाही. त्या तासाचा मला केवढा अभिमान होता! आल्यागेल्याला मी आवर्जून सांगायचे. एका रात्री माझं वाचनात मन नव्हतं. बराच वेळ एकच पान समोर धरून बसले होते. मग लक्षात आलं, त्याचंही पान उलटत नाहीये. मी माझं पान उलटलं. लगेच त्याने त्याचं उलटलं. मी मुद्दाम आणखी एक उलटलं. त्यानेही. मी हळूच बघितलं, तर त्याची नजर पुस्तकावर नव्हतीच. माझ्या अंगठ्यावर होती.

तिथेच मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. त्याचं पुस्तक ओढून घेतलं, एका परिच्छेदावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "वाच. मोठ्याने." पहिल्याच जोडाक्षराला तो अडला. पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर बघून उरलेलं त्याने अंदाजाने म्हटलं. "नीट बघ," मी म्हणाले. पुन्हा म्हणाले. माझा आवाज चढत गेला. "घरात सगळे वाचतात, तुलाच काय झालंय?" हेही माझ्या तोंडून गेलं. तो रडला नाही. पानाचा दुमडलेला कोपरा बोटाने सरळ करत राहिला आणि म्हणाला, "मला वाटलं, असंच बसायचं असतं."

चार महिन्यांनी तपासणी झाली आणि डिस्लेक्सिया हा शब्द घरात आला. अक्षर आणि त्याचा उच्चार यांची सांगड सहज बसत नाही. बुद्धीशी त्याचा संबंध नाही, आणि बऱ्याचदा ते घराण्यात चालत येतं. त्याला अक्षरं सुटी करून, उच्चारासकट, पुन्हा पुन्हा शिकवायला हवी होती. मूल ऐकून ऐकून बोलायला शिकतं, पण बघून बघून वाचायला शिकत नाही. वाचणाऱ्याचं बाहेरून दिसतं काय? खाली घातलेली मान आणि अंगठा. माझ्या मुलाने जे दिसलं ते अगदी हुबेहूब उचललं, आणि ते इतकं हुबेहूब होतं म्हणूनच मला काही कळलं नाही.

मग आईबापांनी वाचून उपयोगच नाही का? असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. २०१० साली २७ देशांतल्या ७०,००० हून जास्त लोकांच्या माहितीवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भरपूर पुस्तकं असलेल्या घरातली मुलं, पुस्तकंच नसलेल्या घरातल्या मुलांपेक्षा सरासरी ३ वर्षं जास्त शिकली होती. आईवडिलांचं शिक्षण, व्यवसाय आणि वर्ग हिशेबात धरूनही. हा आकडा मी पूर्वी सगळ्यांना ऐकवायचे. आजही मला तो महत्त्वाचा वाटतो. पण त्या पुस्तकांतलं किती मुलांपर्यंत पोचलं आणि किती रक्तातूनच आलं, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. थोरलीने माझं बघून वाचलं, की तिला अक्षरं मुळातच सोपी गेली? पूर्वीची मी ठामपणे म्हणाले असते, "माझं बघून." आता मला तसं म्हणवत नाही.

पुढे मी त्याच्यासाठी मोठ्याने वाचायला लागले. अडले की थांबायचे, "हे मला कळलं नाही" म्हणायचे, मागे जाऊन तीच ओळ पुन्हा वाचायचे. "तू पण मागे जातेस?" त्याने विचारलं होतं. इतकी वर्षं शेजारी बसून त्याला हे दिसलंच नव्हतं. दिसणार तरी कसं?

आता तो १७ वर्षांचा आहे. पुस्तकं ऐकतो, झपाट्याने, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. छापलेलं पान अजूनही त्याला दमवतं. त्याला वाचनाची गोडी लागली असं मला वाटतं. मी लावली असं म्हणायला जीभ रेटत नाही.

परवा घरी आलेल्या कुणीतरी पुन्हा तेच विचारलं. तो खोलीतच होता. मी काय सांगते ते ऐकायला त्याने कानातला एक इअरबड काढून हातात धरला. नेहमीचं उत्तर मला देता आलं नाही. दुसरं सुचेपर्यंत विषय बदलला होता.