दक्षिणेची गॅलरी आणि बियांपासून टोमॅटो: माझा अनुभव

बियाणं आणण्याआधी गॅलरीत ऊन कुठवर येतं ते बघा, हे मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला आवर्जून सांगते. आमचा फ्लॅट सिंहगड रस्त्याला, तिसऱ्या मजल्यावर, आणि गॅलरीचं तोंड दक्षिणेला. पुण्यात शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असल्याने सावली पायाखालीच राहते तो दिवस, मेच्या मध्यावर येतो. त्यानंतर भरदुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो आणि जुलै संपत येईपर्यंत तिकडेच असतो. त्या काळात दक्षिणेच्या गॅलरीला दुपारचं थेट ऊन जवळजवळ मिळतच नाही. दिवाळी ते संक्रांत मात्र सूर्य दक्षिणेला खाली उतरलेला असतो आणि ऊन पार हॉलच्या फरशीपर्यंत आत येतं. फळभाजीला रोज निदान पाच-सहा तास ऊन हवं, पालेभाजीचं तीन-चार तासांतही भागतं. म्हणजे आमच्याकडे टोमॅटो-मिरचीचा हंगाम हिवाळ्याचाच. टोमॅटोलाही ते मानवतं, कारण रात्री उकडायला लागलं की त्याची फुलं गळतात. एवढं नक्की झाल्यावर बाकीचा हिशोब सोपा होता: नवरात्राच्या सुमारास बी, दिवाळीच्या आसपास रोपं कुंडीत, आणि जानेवारीत फळ.

बियाणं मार्केट यार्डाजवळच्या दुकानातून आणलं. दुकानदारांनी पहिलाच प्रश्न केला, "ताई, सुधारित देऊ का संकरित?" संकरित वाणाला फळ भरपूर येतं, पण त्या फळातलं बी धरून पेरलं तर पुढची झाडं तशीच निघतील याचा भरवसा नसतो. मला पुढच्या वर्षी घरचंच बी हवं होतं, म्हणून सुधारितच घेतलं: टोमॅटोचं पुसा रुबी, मिरचीचं ज्वाला. पाकिटाची मागची बाजू जरूर वाचा. उगवण क्षमता किती टक्के, तपासणी कधी झाली, वैधता कधीपर्यंत, सगळं छापलेलं असतं. काही पाकिटांतलं बी गुलाबी किंवा निळं दिसतं. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, तेव्हा ते हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे आणि उरलेलं बी चुकूनही स्वयंपाकघरात ठेवायचं नाही.

टोमॅटोच्या आधी मेथी टाकली, तीही फोडणीच्या डब्यातलीच. रात्रभर भिजवलेली मेथी तीन-चार दिवसांत वर येते आणि महिन्याच्या आत भाजीला होते. ज्याने कधीच काही पेरलेलं नाही त्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. पाणी किती लागतं, माती किती वेळात सुकते, हे सगळं मेथी शिकवते आणि बिघडलं तरी मूठभर दाण्यांचंच नुकसान. धणे मात्र तसेच टाकू नका. एका धण्यात दोन बिया असतात, म्हणून तळहाताखाली हलकेच रगडून त्याच्या दोन फाका करायच्या. कोथिंबिरीला वर यायला आठ-दहा दिवस लागतात, तेवढा धीर धरायचा.

टोमॅटो-मिरचीसाठी नर्सरीवाले वापरतात तसला लहान लहान कप्प्यांचा काळा प्रो-ट्रे आणला. कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, वीट पाण्यात टाकली की फुगून टब भरतो. त्यात क्षार असतात, म्हणून पाणी निवळ दिसेपर्यंत ते दोन-तीनदा धुऊन पिळून घेतलं, त्यात तेवढंच गांडूळखत आणि थोडी ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) पावडर मिसळली. सासूबाई पुरंदरच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. मी बोटाने खड्डे करत होते तेव्हा म्हणाल्या, "अगं, बी केवढं, खड्डा केवढा! बी झाकेल इतकीच माती घाल." टोमॅटोचं बी अर्धा सेंटिमीटरहून खोल जायला नको, हेच त्या सांगत होत्या. आठवडा व्हायच्या आत टोमॅटो वर आले. मिरचीने अजून तितकाच वेळ घेतला.

खरं काम इथून पुढे होतं. आपल्याकडे घटाचं धान सगळ्यांनी पाहिलेलं आहे. देवघरात, उन्हाविना उगवलेलं, उंच आणि पिवळसर. घटासाठी ते शोभतं, पण घरात ठेवलेली टोमॅटोची रोपंही तशीच उजेडाच्या शोधात लांबतात, आणि असं लांबलेलं रोप पुढे उभं राहत नाही. म्हणून पहिला हिरवा आकडा मातीतून डोकावला त्याच दिवशी ट्रे गॅलरीत नेला. आधी सकाळचं कोवळं ऊन, मग हळूहळू पूर्ण दिवस.

दुसरा धोका पाण्याचा. रोपं कोलमडतात ती कशी, हे मी अगदी जवळून पाहिलं. सकाळी रोप ताठ असतं, दोन्ही बीजदलं, म्हणजे बियातून निघालेली पहिली दोन पानं, हिरवीगार. मातीला जिथे देठ टेकतो तिथे मात्र तो पाणथळ होतो, मग दोऱ्याएवढा बारीक होतो, आणि संध्याकाळपर्यंत रोप आडवं. वरची पानं तेव्हाही हिरवीच असतात. हे मातीतल्या बुरशीचं काम. सतत ओल आणि कोंदट हवा मिळाली की ती फोफावते. पडलेली रोपं मी त्या कप्प्यातल्या मातीसकट काढून टाकली आणि वरून पाणी घालणं बंद केलं. परातीत बोटभर पाणी घ्यायचं, त्यात ट्रे ठेवायचा, वरची माती ओलसर दिसली की उचलायचा. पुन्हा पाणी द्यायचं ते ट्रे हाताला हलका लागला तरच. त्यानंतर एकही रोप पडलं नाही.

आणि कबुतरं! पुण्यात गॅलरीत काहीही लावणाऱ्याला ती चुकत नाहीत. कोवळी रोपं उपटतात, ओल्या मातीत बसतात. बारीक जाळी कमानीसारखी वाकवून ट्रेवर बांधली, आणि रोपं वीतभर होईपर्यंत ती काढली नाही.

बीजदलांनंतरची चार-पाच खरी पानं फुटल्यावर रोपं 12 इंची कुंड्यांत लावली. लाल माती, गांडूळखत, कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड. टोमॅटोचं रोप लावताना खालची पानं खुडून देठ निम्मा मातीत पुरायचा, कारण पुरलेल्या देठालाही मुळं फुटतात. मिरचीला तसं करायचं नाही, ती ट्रेमध्ये जेवढी खोल होती तेवढीच ठेवायची. कुंड्यांखाली ताटल्या हव्यातच, नाहीतर पाणी खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर.

डिसेंबरात टोमॅटोला पिवळी फुलं आली. एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, पराग सुटायला फक्त हादरा लागतो. शेतात ते काम वारा आणि मधमाश्या करतात, इथे मी रोज सकाळी घोसामागच्या देठावर टिचकी मारायचे. काही दिवसांनी सुकलेल्या फुलाच्या मागे मोहरीएवढी हिरवी गाठ दिसली, आणि घरातल्या सगळ्यांना मी ती बोलावून बोलावून दाखवली.

मिरचीची पानं मध्येच आकसायला लागली. याला बोकड्या म्हणतात. पानं वर वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी नावाची अगदी बारीक कीड, असं दुकानदारांनी समजावलं. आमची वर वळली होती. शेंडे छाटले, लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारलं, आठवड्याने पुन्हा. नवी फूट सरळ आली.

जानेवारीत टोमॅटो लाल झाले. दुकानातल्यांपेक्षा लहान, चपटे, पुसा रुबीचे असतात तसे, आणि चांगले आंबट. सार त्यांचंच करावं. सगळ्यात निरोगी झाडावरचे दोन टोमॅटो पूर्ण पिकू दिले, गर वाटीत काढून दोन दिवस आंबवला, मग बी चाळणीत धुऊन सावलीत वाळवलं. आंबवल्याने बीभोवतीचा बुळबुळीत थर सुटतो. ते आता कागदी पाकिटात, वर वाण आणि महिना लिहून ठेवलंय.

मे जवळ आला की गॅलरीतलं ऊन जाईल, तेव्हा तिथे फक्त पालक आणि माठ. भेंडीसाठी सोसायटीच्या गच्चीवर चार कुंड्यांची परवानगी मागितली आहे. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या केवडा रोगाला प्रतिकारक म्हणून परभणीच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेल्या परभणी क्रांतीचं पाकीट घरात आहे. पहिला पाऊस झाला की बी रात्रभर भिजवून थेट कुंडीतच टोबायचं, कारण भेंडीच्या मुळांना जागा बदललेली सोसत नाही.